नंदिगड्ड्याचा भोपळा

गेल्या नोव्हेंबरच्या मध्यास, अमेरिकेतील न्यू जर्सी येथे राहणाऱ्या आमच्या पुतणीचा आम्हांस दूरध्वनी आला. क्षेमकुशल विचारून झाल्यावर तिने एक प्रश्न केला आणि तो ऐकून आम्हांस प्रथम हसूच आले. "काका, भोपळ्याचा पाय घरी करू, की दुकानातून आणू?" भोपळ्याला वेल असतो, देठ असतो, लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतला भोपळा तर तिला पोटात घेऊन रानातून धावतही सुटतो, परंतु भोपळ्याला पाय असल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते.

मग तिने खुलासा केला. मैद्याच्या खुसखुशीत पारीची ताटली करावयाची, तीत लाल भोपळ्याचा शिजवून घोटलेला गर, अंडी, दूध, साखर, दालचिनी, सुंठ व जायफळ यांचे मिश्रण ओतावयाचे आणि ते भट्टीत भाजावयाचे. या पक्वान्नास तिकडे 'पाय' म्हणतात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्या देशात आभारप्रदर्शनाचा सण असतो. अध्यक्ष लिंकन यांनी १८६३ साली या सणाची राष्ट्रीय घोषणा केली आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार कायमचा ठरला. त्या दिवशी दूरदूरचे आप्त एका मेजाभोवती जमतात आणि भोजनाच्या शेवटी भोपळ्याचा पाय वाढला जातो. आमची पुतणी तेथील एका रुग्णालयात परिचारिका आहे. सणाच्या आदल्या रात्री तिची पाळी होती आणि घरी बारा माणसे जेवावयास येणार होती. शेजारची एक वृद्ध बाई तिला सांगून गेली होती की, विकतचा पाय ज्या घरात येतो त्या घरात सण येत नाही. बिचारी पेचात पडली होती.

"तुझ्या काकूला विचारून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. खरे सांगावयाचे तर उत्तर आमच्यापाशीच नव्हते. आमच्या मातोश्री तीन वर्षांपूर्वी निवर्तल्या. त्या होत्या तोवर आमच्या बेळगावच्या घरी नाताळच्या आधीचे आठ दिवस तळणाच्या वासाने भरलेले असत आणि त्या सर्वांत त्यांच्या हातचे लाल भोपळ्याचे घारगे आम्हांस विशेष प्रिय होते. त्यांच्यामागे आमच्या घरचा नाताळ दुकानातल्या खोक्यांतून येऊ लागला. आमच्या सौ. त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाही. मग दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सल्ला द्यावा?

तो प्रश्न मनात तसाच असताना आम्हांस नंदिगड्डे येथून नाताळचे निमंत्रण आले.

आमचे हे स्नेही पूर्वी बेळगावात आमच्याबरोबर नोकरीस होते. निवृत्तीनंतर ते उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, नंदिगड्डे परिसरातील आपल्या वडिलार्जित शेतीवर जाऊन राहिले. "एक नाताळ आमच्या रानात करा," असे ते दरवर्षी लिहीत. या वर्षी आम्ही उभयतांनी ते मनावर घेतले. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून शहरातल्या एका नामांकित दुकानातून दोन किलो वजनाचा प्लम केक घेतला. सोनेरी फितीने बांधलेले ते खोके मांडीवर सांभाळीत आम्ही २३ डिसेंबरच्या सकाळी बेळगाव सोडले.

खानापूरपर्यंत उसाची व भाताची शेते आपल्याबरोबर चालत असतात. पुढे लोंढ्याकडे वळताच झाडी दाट होऊ लागते. रामनगर आले की जोयडा तालुक्यात आपला प्रवेश झालेला असतो. येथून एक रस्ता अनमोडच्या घाटाने गोव्यात उतरतो. याच तालुक्यात कॅसलरॉकचे रेल्वे स्थानक आहे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता तेव्हा ब्रिटिश मुलुखाची सरहद्द तेथे संपत असे. आम्ही मात्र गोव्याचा रस्ता सोडून जगलबेटच्या दिशेने दक्षिणेकडे वळलो.

रामनगर हे गाव जसे दिसते तसे जुने नाही. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते आणि कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्यावर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले व ते १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात जुने सुपा गाव बुडाले. ज्या गावावरून सबंध तालुक्यास सुपा असे नाव होते, तेच पाण्याखाली गेले. तेथून उठलेल्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन रामनगर येथे झाले. गाडीत आमच्या शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ गणेशगुडीच्या सुमारास धरणाच्या बाजूस बोट दाखवून म्हणाले, "आमचा गाव तिथं खाली." बस्स, एवढेच. त्यानंतर ते जोयड्यापर्यंत काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

जोयड्यापुढे अरण्याचे राज्य सुरू होते. दांडेली-अणशी हा व्याघ्रप्रकल्प २००७ साली जाहीर झाला आणि २०१५ पासून तो काळी नदीच्या नावाने ओळखला जातो. उंच झाडांच्या शेंड्यावरून एक धनेश पक्षी पंखांचा घोष करीत गेला, तेव्हा आमच्या सौ.नी प्रवासात प्रथमच केकचे खोके आमच्या स्वाधीन करून खिडकीबाहेर मान काढली. अरण्य, मग अकस्मात एक भातखाचरांचा हिरवा-पिवळा तुकडा, त्याच्या कडेला सुपारीची बाग, चार घरे आणि पुन्हा अरण्य, अशी या मुलुखाची घडण आहे. वीरशैवांचे प्रसिद्ध तीर्थ उळवी हेही याच तालुक्यात. बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांचे ते समाधिस्थान असून माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते.

नंदिगड्ड्याच्या नावाबद्दल आमच्या स्नेह्यांनी मौजेची गोष्ट सांगितली. कन्नड भाषेत 'गद्दे' म्हणजे भातखाचर आणि 'गड्डे' म्हणजे कंद. ऐकणाऱ्याने कानाप्रमाणे काहीही समजावे. दोन्ही येथे भरपूर आहेत. या तालुक्यातील कुणबी समाजाने आपल्या परसांत नाना जातींचे कंद पिढ्यान्‌पिढ्या जतन केले आहेत आणि जोयडा येथे त्यांचा कंदमेळाही भरत आला आहे. आम्ही पोहोचलो त्याच संध्याकाळी शेजारची एक कुणबी बाई टोपलीभर कंद घेऊन दाराशी आली. तुमचा सण आहे म्हणून आणले, असे म्हणाली. ती टोपली पाहून आमच्या हातातले सोनेरी फितीचे खोके आम्हांस एकाएकी जड वाटू लागले. ओसरीवरून माळ्याकडे दृष्टी गेली, तर तेथे देठासकट काढलेले सात-आठ लाल भोपळे ओळीने मांडून ठेवले होते. सौ.नी आमच्याकडे पाहिले, आम्ही त्यांच्याकडे पाहिले आणि काही न बोलता ते खोके आमच्या पिशवीत कपड्यांखाली गेले.

घरात माणसे सहा. स्नेही, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडे आणि पंच्याऐंशी वर्षांच्या आजीबाई. स्नेह्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी वारली. सून दूरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. सकाळी अंधारात घर सोडते व दिवेलागणीस परतते. आजीबाईंची दृष्टी अधू झाली आहे, परंतु कान आणि नाक इतके तीक्ष्ण आहेत की, दुधाला उकळी येण्यापूर्वीच त्या ओसरीवरून "दूध!" म्हणून हाक देतात.

२४ तारखेस दुपारनंतर स्नेह्यांनी माळ्यावरून एक भोपळा उतरविला. आम्हांस वाटले, आता नाताळच्या फराळाची धांदल उडणार. आम्ही विचारले, "नेवऱ्या कधी? दोदोल कधी?" स्नेही म्हणाले, "यंदा एकच पदार्थ. आईचा हुकूम आहे." आणि त्यांनी मागल्या वर्षीची हकिकत सांगितली.

मागल्या वर्षी सुनेने नेवऱ्या, कलकल, दोदोल, चकल्या असे सर्व काही केले होते. सासूबाईंच्या वेळी होत असे, तर आपल्या वेळी का होऊ नये, ही तिची ईर्ष्या. शाळेतून आल्यावर आठ दिवस ती मध्यरात्रीपर्यंत चुलीपुढे बसली. घरातल्या पुरुषांनी कौतुक केले आणि मुलांनी डबे रिकामे केले. नाताळच्या दिवशी दुपारी सर्व पंगतीस बसले, तेव्हा ती भिंतीस डोके टेकून, हातात घास तसाच धरून गाढ झोपी गेली. सर्वांना हसू आले. हसल्या नाहीत त्या फक्त आजीबाई. नातवाने त्यांना काय झाले ते सांगितले, तेव्हा त्यांनी आपले ताट बाजूस सारले आणि त्या म्हणाल्या, "माझी सून अशीच झोपायची. मी तिला उठवून वाढायला लावायची." पुढे कोणी हसले नाही. त्याच दिवशी त्यांनी ठरविले की, येत्या वर्षी एकच पदार्थ करावयाचा आणि तो सर्वांनी मिळून करावयाचा. ज्याचा हात लागणार नाही, त्याला मिळणार नाही.

तो पदार्थ म्हणजे भोपळ्याचे धोंडस. कोकणात धोंडस व गोव्यात तवसळी म्हणून जो गोड पदार्थ ओळखला जातो तो मोठ्या काकडीचा, म्हणजे तवशाचा करतात. तवसे पावसाळ्यात मिळते. डिसेंबरात कोठून आणावे? भोपळा मात्र देठासकट, न दुखवता काढला, तर महिनेच्या महिने टिकतो. म्हणून आजीबाईंनी या घरात तवशाच्या जागी भोपळा घातला आणि पावसाळ्यातला पदार्थ नाताळात आणला.

विळ्याभोपळ्याचे सख्य आपल्या भाषेत प्रसिद्धच आहे. त्या सायंकाळी ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले. कारण विळीवर स्नेही बसले होते आणि भोपळ्याची साल त्यांना दाद देत नव्हती. मुलाने नारळ फोडून खवले. नातवंडांनी किसणीवर भोपळा किसला; थोडा परातीत पडला, बराचसा अंगावर. आमच्या वाट्यास तांदळाचा रवा भाजण्याचे काम आले. आजीबाई पाटावर बसून डोळे मिटून वास घेत होत्या. "पुता, अजून भाज. कच्चा वास येतोय," असे त्यांनी आम्हांस दोन वेळा बजाविले. साठी उलटलेल्या मनुष्यास कोणी 'पुता' म्हणून हाक मारावी, हे भाग्य आम्हांस तीन वर्षांनी लाभत होते.

सून शाळेतून आली तेव्हा काम अर्ध्यावर आले होते. ती पदर खोचून पुढे आली, तर आजीबाई म्हणाल्या, "तू आज फक्त गूळ चाखून सांग." तिने गूळ चाखला, पुरे म्हटले आणि ती खांबाला टेकून बसली. तिच्या मुद्रेवर संकोच होता. काम न करता बसण्याची तिला सवय नव्हती.

मिश्रण शिजून दाट झाले. केळीच्या पानाने आतून मढविलेल्या टोपात ते ओतले. टोप मंद निखाऱ्यांवर ठेवला, वर जड झाकण ठेवले आणि झाकणावरही निखारे पसरले. खालून आणि वरून अशी दोन्हीकडून आच. भट्टी नसलेल्या घरात आपल्या पूर्वजांनी भट्टी अशी निर्माण केली. निखाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची कामगिरी नातवंडांकडे सोपविण्यात आली.

आता तासाभराची प्रतीक्षा होती. तेव्हा आम्ही पुतणीच्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. आजीबाईंना ती फार आवडली. "तिथं पण भोपळा?" त्यांनी नवलाने विचारले. आम्ही म्हणालो, "आजी, भोपळा मुळात तिथलाच." लाल भोपळा, मिरची, काजू, पपई ही सारी अमेरिका खंडाची देणगी. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग शोधल्यानंतरच्या काळात ती आपल्याकडे आली आणि इतकी रुजली की, आता भोपळ्यावाचून आपली एक म्हणही पुरी होत नाही. अमेलिया सिमन्स नावाच्या बाईचे १७९६ साली छापलेले पाकपुस्तक हे अमेरिकन लेखिकेचे पहिले मानले जाते. त्यातही पारीत भाजलेल्या भोपळ्याची कृती आहे.

"पण काकू तिकडे घरी करतात, म्हणजे परसातला भोपळा घेतात का?" सुनेने विचारले. प्रश्न मार्मिक होता. तिकडे जो पाय घरचा म्हणून अभिमानाने वाढला जातो, त्यातही भोपळ्याचा गर बहुधा डब्यातला असतो. इलिनॉय राज्यात त्यासाठी मैलोगणती भोपळ्याची शेती आहे. कारखान्यात भोपळे शिजवून, घोटून डबे भरले जातात आणि गृहिणी तो डबा फोडते. आणखी मौज अशी की, डब्यातला तो भोपळा आणि आपल्या माळ्यावरचा लाल भोपळा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बहुतांशी एकाच जातीचे आहेत. "म्हणजे कापला दुसऱ्याने, शिजवला दुसऱ्याने, आणि पाय मात्र घरचा?" स्नेही हसून म्हणाले. त्यावर आजीबाईंनी त्यांनाच टोकले, "आपला गूळ काय तू गाळलास?"

खरेच होते ते. तांदूळ, नारळ आणि भोपळा घरचा. परंतु गूळ बाजारचा, वेलदोडे बाजारचे आणि मीठही बाजारचे. घरचे आणि विकतचे यांमधील कुंपण आपण समजतो तितके पक्के कोठेच नसते.

एवढ्यात धाकट्या नातवाचा आनंदोद्गार ऐकू आला. निखाऱ्यांची राखण करून कंटाळलेल्या त्या बालकाने आमच्या पिशवीत काही खेळणे आहे काय याचा शोध घेतला होता आणि कपड्यांखालचे सोनेरी फितीचे खोके मस्तकी धरून तो विजयी वीराप्रमाणे ओसरीवर आला. आम्हांस धरणीने पोटात घ्यावे असे झाले. "ते... सहज आणले होते," असे काहीतरी आम्ही पुटपुटलो. सौ. म्हणाल्या, "माफ करा, आई. आमच्या घरी आता विकतचेच असते. तुमच्याकडे सगळे घरचे पाहून काढायला लाज वाटली."

आजीबाईंनी खोक्यावरून हात फिरविला, नाकाशी धरून वास घेतला आणि त्यांच्या सुरकुतलेल्या मुद्रेवर लहान मुलीसारखे हसू उमटले. "केक! बाय, लाज कसली?" त्या म्हणाल्या. "मी गोव्याची. माझ्या बापाच्या घरात पाव कुणी कधी भाजलाच नाही. पहाटे पोदेर यायचा, काठीची घुंगरं वाजवीत, डोक्यावर पाट्या घेऊन. आम्ही पोरं दारात धावायचो. विकतचाच पाव तो. पण पोदेर आमच्या घरची माणसं ओळखायचा. कोण आजारी, कोणाला मऊ पाव हवा, त्याला सगळं ठाऊक. लग्न होऊन इकडं रानात आले आणि पोदेर सुटला. किती दिवस रडले असेन त्या पावासाठी!"

आम्ही चकित झालो. गोव्यातील पावाची परंपरा केवढी जुनी! माडाच्या सुरेने आंबविलेल्या पिठाचा तो पाव पोदेरांनी भट्टीत भाजला आणि घरोघर विकला. ज्या पावावाचून गोव्याच्या ख्रिस्ती घराचे पानच हलत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या विकतच येत राहिला. परंपरा म्हटली की आपण चूल डोळ्यांपुढे आणतो. पोदेराची भट्टी आणि त्याच्या काठीची घुंगरे आपण विसरतो.

"जळलं!" आजीबाई मध्येच ओरडल्या. नाकाने आपले कार्य केले होते. सर्वजण धावले. खोक्याच्या आनंदात निखाऱ्यांचे भान कोणासच राहिले नव्हते. एका बाजूस निखारे गोळा झाले होते आणि धोंडसाची ती कड कोळशासारखी काळी पडली होती. नातवाचे डोळे भरून आले. आजीबाईंनी त्याला जवळ ओढले. "तेवढं कापून टाकू. बाकीचं आहे ना?" त्या म्हणाल्या आणि सुनेने आपल्या हाताने ती कड कापून काढली.

नाताळच्या दुपारी पानांवर धोंडसाचा तुकडा होता आणि त्याला लागूनच केकचा. कुणबी शेजारणीने दिलेल्या कंदांची भाजी होती आणि तिच्याकडे धोंडसाचा वाटा मुलांनी सकाळीच पोहोचविला होता. आजीबाईंनी केकचे दोन तुकडे खाल्ले. मुलांनी मात्र करपलेल्या कडेजवळचे धोंडस भांडून मागून घेतले; कारण ते त्यांनी केले होते. आणि सून शेवटपर्यंत जागी होती. ती हसत होती, बोलत होती आणि तिने मागून धोंडस घेतले. स्नेही आमच्या कानाशी लागून म्हणाले, "चार वर्षांत तिला पंगतीत पोटभर जेवताना मी प्रथमच पाहतो आहे."

जेवणानंतर आमच्या सौ. वही घेऊन आजीबाईंच्या पाटाशी बसल्या. आजीबाईंचे माप म्हणजे ओंजळ आणि मूठ. सौ.नी त्यांच्या ओंजळीत रवा घेऊन तो वाटीने मोजला, मुठीत गूळ घेऊन तोही मोजला. आमच्या वाचक भगिनींसाठी ते प्रमाण येथे देतो. किसलेला लाल भोपळा चार वाट्या, भाजलेला तांदळाचा रवा दोन वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, खवलेला नारळ एक वाटी, तूप तीन चमचे, वेलदोड्याची पूड व चिमूटभर मीठ. भोपळा तुपावर परतून मऊ झाला की गूळ घालावा. गूळ विरघळल्यावर नारळ व रवा घालून मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळावे. मग तूप लावलेल्या भांड्यात थापून, खाली-वर निखारे ठेवून अथवा भट्टीत, पाऊण तासापर्यंत तांबूस होईतो भाजावे. निवाल्यावर कापावे. आणि निखाऱ्यांशेजारी केकचे खोके ठेवू नये!

वही मिटताना सौ. हळूच म्हणाल्या, "आईंच्या घारग्यांचं माप मी कधी विचारलं नाही." त्यावर आम्ही काय बोलावे? आम्ही तर त्यांचे पुत्र. चाळीस वर्षे त्यांचे घारगे खाल्ले, वर्णिले, आल्यागेल्यास अभिमानाने वाढले. परंतु त्या रात्री एकट्या जागत होत्या, तेव्हा एकदाही त्यांच्यापाशी बसून भोपळा किसला नाही. सौ.स शिकविण्यास त्या नाखूश नव्हत्या. पण शिकविण्यास वेळ लागतो आणि त्यांना वेळ उरेल अशी तजवीज आम्ही कोणी केली नाही. त्या गेल्या आणि घारगे गेले. गणेशगुडीजवळ त्या वृद्ध गृहस्थांनी दाखविलेले बोट आम्हांस आठवले. त्यांचे गाव बुडाले त्याला धरण बांधावे लागले. आमच्या घरातील घारगे बुडाले ते केवळ आमच्या बसून राहण्याने. आणि आम्ही इतकी वर्षे समजत होतो की, उणीव दुकानातल्या खोक्याने निर्माण केली!

परतल्यावर नववर्षाच्या दिवशी आम्ही पुतणीस दूरध्वनी केला. तिचा सण कधीच होऊन गेला होता. तिने सांगितले, "काका, शेवटी विकतचाच आणला. पण खोकं लपवलं आणि माझ्या ताटलीत काढून ठेवला. सगळे छान म्हणाले. मला मात्र घास गिळवेना." आम्ही मनात हसलो. समुद्रापलीकडे खोके ताटलीखाली गेले होते आणि नंदिगड्ड्यात कपड्यांखाली. मग आम्ही तिला आमच्या खोक्याची सर्व हकिकत सांगितली आणि ज्या उत्तरासाठी तिला सहा आठवडे तिष्ठत ठेवले होते, ते दिले.

आम्ही तिला म्हणालो: मुली, रात्रपाळी करून आलीस तर पाय विकत आण आणि तो उघडपणे मेजावर ठेव, ज्याने तो भाजला त्याचेही हात कष्टलेले आहेत. परंतु वर्षातून एकदा, एकच पदार्थ, घरी कर. एकटीने करू नकोस. नवऱ्याला विळीवर बसव, मुलांना किसणी दे, पाहुण्यांना लवकर बोलावून रवा भाजावयास लाव. करपला तर करपू दे. आणि शेजारच्या त्या वृद्ध बाईला बोलावून तिच्या पायाचे माप लिहून घे. कोण जाणे, तिलाही कोणी आजवर विचारले नसेल.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, धोंडसाचं माप सांगा. लिहून घेते."

निघताना आजीबाईंनी सौ.च्या हातात कागदाची एक लहानशी पुडी दिली होती. राखेत घोळून वाळविलेल्या भोपळ्याच्या बिया आहेत. त्या आमच्या स्वयंपाकघरातील खिडकीवर ठेवल्या आहेत. मृगाचा पाऊस पडला की, त्या परसात टोचावयाच्या आहेत. खड्डा खणण्याचे काम आमच्याकडे आले आहे.